जुन्या वास्तूचे अंगण



जुन्या घराची बाग आणि अंगण कसे नीटनेटके करावे, असा आजचा विषय जाहीर झाला, तेव्हा आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी मला जिन्यातच अडवून विचारले, "अहो, आपल्या चाळीत बाग कुठली आणि अंगण कुठले? हा विषय पुण्याच्या बंगलेवाल्यांना सांगा." त्यांचे म्हणणे वरवर पाहता खरे आहे. तरीपण मला वाटते, की आपल्याकडे अंगण आहे, मात्र ते आपले आहे याचा आपल्याला विसर पडला आहे.

गिरगावातला मनुष्य आपला पत्ता सांगतो तेव्हा नकळत बागेचेच नाव घेत असतो. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बागायत. फणसवाडी, केळेवाडी, आंग्रेवाडी, खोताची वाडी यांपैकी काही नावांमागे झाड असेल, काहींमागे जुना मालक असेल. पण वाडी हा शब्द सर्वांना समान आहे. पुढे माडांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. तरी त्या बांधणाऱ्यांनी मधे चौक ठेवला, मागे परसाची चिंचोळी जागा ठेवली, आणि प्रत्येक मजल्याला गॅलरी दिली. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत झाला. चाळीला माणसे जमण्याजोगी मोकळी जागा नसती तर तो उत्सव कोठे झाला असता, याचा विचार करावा.

मोकळ्या जागेची किंमत या शहराला एकदा फार मोठी देऊन कळली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या घरांतून तो पसरला, आणि १८९८ साली शहरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी या ट्रस्टने केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स या भागांत इमारतीभोवती सोडलेली जागा आणि रस्त्याकडेची झाडे आज आपल्याला शोभेची वाटतात. पण त्यामागचा मूळ हेतू शोभेचा नव्हता. घरात हवा आणि उजेड यावा, हा होता. अंगण हे प्रथम घराचे फुप्फुस आहे. शोभा त्यानंतर येते.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण आमच्याच चाळीत आम्ही हा क्रम उलटा केला आणि त्याचे फळ भोगले. आमच्या चौकात पूर्वी शहाबादी फरशी होती, मधे एक पारिजातक होता. फरशी काही ठिकाणी खचली होती, सांध्यांतून गवत उगवत होते. एका वर्षी सभेत ठरले की चौक "चकाचक" करावा. सगळा चौक सिमेंटने गुळगुळीत केला, पारिजातकाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेले, कडेने रंगीत कुंड्या मांडल्या. मीही त्या ठरावाला हात वर केला होता. दिवाळीत फोटो काढावा असा चौक दिसला. पुढच्या जुलैत तळमजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांत पाणी शिरले, आणि तिसऱ्या वर्षी पारिजातक वाळला. पहाटे तिथे फुले वेचणाऱ्या आजीबाई आम्हाला काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागले.

तेव्हा क्रम असा धरावा: आधी पाणी, मग माती, मग ऊन, आणि सर्वांच्या शेवटी झाड.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. समजा, आपला चौक १,००० चौरस फुटांचा आहे. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या चौकावर सुमारे ९,३०० लिटर पाणी पडते. छपरावरून पन्हळीने येणारे वेगळेच. मोकळी माती आणि वाळूवर बसवलेली फरशी यांतले काही पाणी सांध्यांतून पिते, उरलेले सावकाश गटारात सोडते. सिमेंट काहीच पीत नाही. सगळे पाणी एकदम गटाराकडे ढकलते. परळ-हिंदमाता भागात राहणाऱ्यांना एकदम आलेले पाणी म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

म्हणून पहिले काम म्हणजे पावसाळ्यापूर्वी चौकात दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे जाते आणि कुठे थांबते हे पाहणे. उतार नेहमी इमारतीच्या पायापासून दूर, गटाराच्या जाळीकडे असावा. खचलेली शहाबादी फरशी फेकून न देता उचलावी, खाली वाळू पसरून पुन्हा बसवावी, आणि सांधे सिमेंटने बुजवू नयेत. जुन्या वस्तूने काम भागते, खर्च कमी होतो आणि जमीन जिवंत राहते.

साचलेल्या पाण्याचा दुसरा धडाही या शहराने घेतलेला आहे. मुंबईतल्या हिवतापाची पाहणी करून डॉ. बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला. वाड्यांतल्या आणि घरांतल्या विहिरींत हिवतापाचे डास वाढतात, असे त्यात दाखवले होते. त्यानंतर अनेक विहिरी बुजल्या किंवा झाकल्या गेल्या. विहीर ही धर्माची बाब आहे म्हणून लोकांचा त्याला विरोधही झाला. आज विहिरीची जागा कुंडीखालच्या ताटलीने घेतली आहे. डेंग्यूच्या डासाला वाढायला वाटीभर स्वच्छ पाणी पुरते आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. यासाठी आठवड्यातला एक वार ठरवून सर्व ताटल्या, पिंपे, फुटके डबे कोरडे करावेत. रोज थोडे विसरण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नेमाने केलेले बरे.

दुसरी गोष्ट मातीची. झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ही साधी गोष्ट आपण विसरतो. बुंध्यापर्यंत फरशी किंवा सिमेंट नेले की मुळे गुदमरतात. बुंध्याभोवती निदान तीन फुटांचे आळे मोकळे ठेवावे. पार बांधायचा असेल तर तो आळ्याच्या बाहेरून, आतली माती मूळच्याच पातळीवर ठेवून बांधावा. बुंध्यावर मातीची भर घातली तर साल कुजते. कुंडीसाठी माती, मुरलेले शेणखत आणि वाळू असे मिश्रण करावे, आणि तळाशी नारळाच्या शेंड्या घालाव्यात. त्यामुळे ओल टिकते आणि भोक बुजत नाही. देवांवरची फुले आणि वाळलेला पाला एका सच्छिद्र पिंपात साठवला, तर काही महिन्यांत त्याचेच खत होते. चाळीत एवढे देव्हारे असताना खत विकत का आणावे?

जुन्या भिंतीतून उगवणाऱ्या पिंपळाचा आणि उंबराचा येथे वेगळा उल्लेख केला पाहिजे. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते, चुन्याच्या सांध्यात रुजते आणि मूळ भिंत फोडते. पिंपळ तोडू नये अशी आपली श्रद्धा आहे. ती मोडायची नसेल तर रोप चार बोटांचे असतानाच मुळासकट काढून मातीत लावावे. नुसते वरून छाटले तर ते पुन्हा दुप्पट जोमाने फुटते. काढल्यावर राहिलेली भेग, भिंत चुन्याची असेल तर, चुन्यानेच भरावी. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण असते. ते भिंतीतली ओल आत कोंडते आणि शेजारची जुनी वीट ढासळते. मोठ्या झाडाला मात्र आपल्या मनाने हात लावू नये. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वाळक्या आणि धोक्याच्या फांद्यांसाठीसुद्धा महानगरपालिकेच्या उद्यान खात्याकडे पावसाळ्यापूर्वीच अर्ज करावा.

तिसरी गोष्ट उन्हाची, आणि येथे बहुतेकांची फसगत होते. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो; डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे इतका कलतो की ४५ फूट उंचीची चाळ भर दुपारी उत्तरेकडे सुमारे ४१ फूट सावली टाकते. म्हणजे ३० फूट रुंदीच्या चौकात दक्षिणेकडे अशी चाळ असेल, तर हिवाळ्यात तळाला दुपारचे ऊन लागतच नाही. मे महिन्यात चौक उन्हाने भरलेला पाहून आपण मोगरा लावतो आणि डिसेंबरात तो का रुसला म्हणून माळ्याला दोष देतो.

यास्तव झाड आणण्याआधी निदान एक दिवस सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठे पडते ते खडूने आखून ठेवावे, आणि जमल्यास हिवाळ्यात पुन्हा आखावे. जिथे चार-पाच तास ऊन मिळते तिथे तुळस, मोगरा, जास्वंद, सदाफुली, तगर लावावी. जिथे उन्हाची तिरीप येऊन जाते तिथे अबोली, सोनटक्का आणि हळद चालते. जिथे नुसता उजेड आहे तिथे नेचे, मनीप्लांट आणि नागवेल समाधानाने राहतात. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर अळू उत्तम येतो. पण साबणाचे आणि घाण पाणी लागत असेल तर तो पाहण्यापुरता ठेवावा, खाऊ नये. मुले खेळतात तिथे कण्हेर लावू नये, ती विषारी आहे.

आता गॅलरीविषयी एक सावधगिरीची सूचना. बारा इंची कुंडी मातीने भरून भिजली की तिचे वजन ३० किलोच्या आसपास जाते. अशा दहा कुंड्या म्हणजे चार-पाच माणसे रात्रंदिवस कठड्याशी उभी आहेत असे समजावे. आपल्या बहुतेक जुन्या चाळींच्या गॅलऱ्या लाकडी तुळयांवर आहेत, आणि कुंडीतून झिरपणारे पाणी त्याच तुळयांच्या टोकाला मुरते. म्हणून कुंड्या थोड्या आणि हलक्या असाव्यात, कठड्यावर नव्हे तर भिंतीच्या बाजूला असाव्यात, आणि जड कुंडीची जागा खाली चौकात असावी. तुळई मऊ लागली, फरशी हलली, तर रंग देऊन ते झाकू नये. इमारत दुरुस्ती मंडळाला आणि शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे. सुशोभन हे दोष लपवण्यासाठी नसते.

एवढे सगळे केले, तरी अंगण टिकेल की नाही हे एका प्रश्नावर ठरते: पाणी कोण घालणार? एकट्याच्या हौसेने लावलेले झाड त्या माणसाच्या पहिल्या आजारपणात सुकते. आमच्या चाळीत पारिजातक गेल्यावर आम्ही एक नियम केला. पाणी घालणाऱ्या दोन बिऱ्हाडांची नावे ठरल्याशिवाय नवे रोप आणायचे नाही. सिमेंटचा मधला भाग फोडून आळे केले, तिथे नवा पारिजातक लावला, आणि भिंतीवर वारांची यादी टांगली. यादीत मुलांचीही नावे आहेत. काम नियमित होते असे मी म्हणणार नाही, भांडणेही होतात. पण झाड आता पहिल्या मजल्याच्या कठड्याला लागले आहे, आणि ज्यांची तोंडे एकमेकांकडे नव्हती ती दोन माणसे पाण्याच्या झारीवरून का होईना, एकमेकांशी बोलतात.

शेवटी एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. आज गिरगाव, परळ, लालबाग, दादर या सर्व भागांत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. पक्के, सुरक्षित घर हवे, यात दुमत नाही. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला जुन्याचे कौतुक ऐकवणे हा निष्ठुरपणा होईल. पण त्या सभांत प्रत्येक जण आपल्या खोलीचे चौरस फूट विचारतो, आणि चौकाचे माप कोणीच विचारत नाही, कारण तो कोणा एकाच्या नावावर नसतो. इमारतीच्या गच्चीवर किंवा मोटारींच्या मजल्यावर पेट्यांतून लावलेली हिरवळ वेगळी आणि पाणी पिणारी खरी जमीन वेगळी. तेव्हा पुढच्या सभेत आपण दोन प्रश्न जरूर विचारावेत: उघडी माती किती राहणार, आणि आज उभ्या असलेल्या झाडांचे काय होणार? उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

जिन्यातल्या त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, की आपल्या चाळीचे अंगण किती आहे ते एकदा टेपाने मोजून या, मग आपण बोलू. आपणही घरी गेल्यावर तेवढे करावे, अशी माझी विनंती आहे.