रानाचा निर्णय कोणी करावा?

संतपूर हे बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्याचे गाव. या भागातील मराठी कुटुंबांना सीमा या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना अमलात आली, हैदराबाद राज्य संपुष्टात आले आणि जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात आले. माहेर उदगीरकडचे आणि सासर संतपूरकडचे, अशा कित्येक लेकीसुनांची माणसे एका रात्रीत दोन राज्यांची झाली. आपल्या मातीविषयीचा निर्णय दूर कोठेतरी झाला, आपल्याला कोणी विचारले नाही, ही खंत या भागातील वडीलधाऱ्यांनी जन्मभर उराशी बाळगली.

वाचकहो, ही खंत रास्तच आहे. परंतु ती आपण केवळ स्वतःपुरती तर राखून ठेवली नाही ना? एखाद्या धरणासाठी वा खाणीसाठी आदिवासींची गावे उठवल्याची बातमी वाचली की आपल्यापैकी अनेकजण सहज म्हणून जातात, ‘देशाच्या प्रगतीसाठी कोणीतरी त्याग केलाच पाहिजे.’ त्या ‘कोणीतरी’ला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न मात्र आपल्या मनात येत नाही. म्हणूनच हा प्रश्न ज्यांनी स्वतः विचारला आणि ज्यांनी त्याचे उत्तरही स्वतः शोधले, अशा एका लहानशा गावाची हकिगत येथे सांगावीशी वाटते.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात लेखा गावाजवळ मेंढा नावाचे गोंड आदिवासींचे गाव आहे. वस्ती सुमारे पाचशे माणसांची, आणि भोवती बांबू, मोह, तेंदू यांचे दाट रान. पिढ्यान्‌पिढ्या या रानावर गाव जगले. जमीनदाऱ्या नष्ट झाल्यानंतर ते सरकारच्या ताब्यात गेले, आणि ज्या लाकडावर पूर्वजांचे घर उभे राहिले, तेच लाकूड आणताना नातवाला चोर ठरण्याचे भय वाटू लागले. बांबूवर कागद गिरणीचा हक्क आणि गावाला केवळ मजुरी, असा प्रकार झाला. पुढे इंद्रावती व गोदावरी या नद्यांवर भोपालपट्टणम आणि इचमपल्ली येथे मोठी धरणे बांधण्याच्या योजना पुढे आल्या. त्यांत आदिवासींची गावे आणि विस्तीर्ण वने बुडणार होती. १९८० नंतरच्या काही वर्षांत याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. त्यात बाबा आमटे होते आणि आदिवासींचे नेते लालश्याम शाह होते. धरणे झाली नाहीत.

आंदोलन संपले की माणसे बहुधा घरी परततात. मेंढ्याचे वेगळेपण येथून सुरू होते. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी स्वतःलाच विचारले, की धरण टळले, पण आपले रान आपण कसे सांभाळणार? जयप्रकाशजींच्या आंदोलनातून घडलेले मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ त्यांना मिळाली. आडनावाऐवजी आई व वडील या दोघांचे नाव लावणारा हा कार्यकर्ता गावाला उपदेश करण्यास आला नव्हता. त्यांच्या सहवासात गावात ‘अभ्यास गट’ रुजला. ज्याला वाटेल त्याने यावे, शंका विचाराव्यात, जाणकाराला बोलवावे, कायद्याचे कलम समजून घ्यावे, आणि तेथे कोणताही निर्णय मात्र करू नये. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने. एकाही माणसाचा विरोध असला तर विषय पुढे ढकलावा आणि पुन्हा बोलावे.

हा मार्ग वेळखाऊ आहे खरा. परंतु बहुमताच्या निर्णयात हरलेला पक्ष रुसून बसतो, आणि सर्वसंमतीने केलेला नियम गावाला राखणदाराविना पाळता येतो, हा अनुभव त्यांनी घेतला. दारूबंदी याच रीतीने झाली. फळांसाठी झाड तोडायचे नाही, मध काढताना माश्या मारायच्या नाहीत, हे नियमही गावाने स्वतःच घातले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा या अभ्यासातून आली. म्हणूनच तिच्यात उद्दामपणा नाही.

अभ्यासाचे फळ पुढे दिसले. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला व ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. मेंढ्याने लगोलग आपला दावा सिद्ध केला, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क गावाला मिळाला. तरीही बांबू विकण्याची वेळ आली तेव्हा वाहतुकीचा परवाना अडला. बांबू हे झाड मानावे की गौण वनउपज, असा तो वाद होता. १९२७ च्या वन कायद्याचा आधार घेऊन खाते एक बोट दाखवी. नव्या कायद्यात बांबूची गणना गौण वनउपजात स्पष्ट केली आहे, हे गावकरी वाचून बसलेले होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले.

याहून अवघड पाऊल २०१३ सालचे. त्या वर्षी गावाने आपली खाजगी शेतीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरविले. कसणारा तोच, पण जमीन बाहेरच्याला विकण्याची वाट बंद. हा विचार संतपूरला परका नाही. विनोबांना १९५१ साली पहिले भूदान मिळाले ते पोचमपल्लीला. ते गाव आणि आपला बीदर जिल्हा तेव्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या वेळी ज्या प्रदेशाने हे बीज पाहिले, त्या प्रदेशात आज बांधाच्या हातभर तुकड्यावरून सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवतात.

आपण सर्वांनी मेंढ्याचे अनुकरण करावे, असे येथे सुचवायचे नाही. ते गाव लहान आहे, एका जमातीचे आहे. आपली गावे अनेक जातींची, अनेक भाषांची. परंतु आपल्याही गावाला गायरान आहे, तलाव आहे, देवाच्या नावाने राखलेली चार झाडे आहेत. त्यांचे काय होते आहे, पहाणीपत्रकात त्यांची नोंद कोणाच्या नावे आहे, हे आपल्यापैकी कितीजणांनी जाऊन पाहिले आहे? आणि त्या गायरानावर ज्यांची गुरे चरतात, त्या भूमिहीन घरांना आपण कधी चर्चेस बोलावले आहे काय?

उन्हाळ्याच्या सुटीत घर भरते. सोलापूर-पुण्याची, हैदराबादची नातवंडे गोळा होतात. एखाद्या संध्याकाळी आजोबांनी त्यांना घेऊन गावाच्या शिवेवरून एक फेरी मारावी आणि १९५६ ची कथा सांगावी. मग त्या मुलांना मेंढ्याचीही कथा सांगावी, आणि त्यांनी जे प्रश्न विचारले असतील ते दुसऱ्या दिवशी पारावर चारचौघांत मांडावेत. उत्तर लगेच सापडणार नाही. मेंढ्यालाही ते लगेच सापडले नव्हते.