संकेतस्थळावरील अक्षरे

संकेतस्थळावरील मजकूर ज्या वळणाच्या अक्षरांत दिसतो, त्या अक्षरसंचास 'फॉन्ट' म्हणतात. वाचकाच्या संगणकात तो नसला, तरी संकेतस्थळाकडून त्याची फाइल पाठविता येते. मात्र फाइल मोठी असल्यास पान उघडण्यास विलंब लागतो. म्हणून एकदोन फॉन्टच निवडावेत. नक्षीदार अक्षर शीर्षकाला शोभते. दीर्घ मजकुरास साधे, ठसठशीत अक्षरच हवे. देवनागरीत वेलांटी व मात्रा शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. ते परस्परांस भिडू नयेत, इतके अंतर दोन ओळींत असावे.

मराठी व हिंदी पुस्तकांतील 'ल' आणि 'श' शेजारी ठेवून पाहा. वळणांतील भेद ध्यानात येईल. परंतु १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतप्रणालीत दोन्ही वळणांना क्रमांक एकच आहे. म्हणून दोन्ही वळणे असलेला फॉन्ट घेऊन, पानाची भाषा मराठी असल्याची नोंद संकेतस्थळात करावी लागते. मग योग्य वळण उमटते. ही नोंद राहिली, तर आपली भाषा परक्या वेषात दिसण्याचा संभव असतो. अक्षराचे वळण हीही भाषेची ओळखच होय.