काठावरचा घोडा

१४ वर्षांखालच्या शालेय स्पर्धांत काही डाव दहा चालींतच आटोपतात, आणि ते बहुधा एकाच घरावर घसरतात: एफ-७. काळ्या राजाशेजारच्या उंटापुढचं हे प्यादं. सुरुवातीला त्याला राजाशिवाय कोणाचाच आधार नसतो. गिरडमध्ये माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच घर दाखवतो.

आमच्या सातवीतल्या एका मुलीचा डाव सांगतो. तिच्याकडे काळी मोहरी. दोन्हीकडून राजापुढची प्यादी सरकली, घोडे निघाले, पांढरा उंट सी-४ वर आला. ही इटालियन सुरुवात; चारशे वर्षांपूर्वीही इटलीत खेळली जायची. तिनं दुसरा घोडा काढला, तसा समोरच्या मुलानं आपला घोडा थेट जी-५ वर टाकला. आता उंट आणि घोडा, दोघांचाही रोख एफ-७ वर. तिनं डी-५ ला प्यादं ढकलून उंटाची वाट अडवली. त्या मुलानं ते प्याद्यानं मारलं.

इथं बहुतेक पोरं घोड्यानं लगेच परत मारतात. मग पांढरा घोडा एफ-७ वर पडतो, वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात येतात. घोड्याला मारायला राजा बाहेर पडतो, वजिराचा शह बसतो आणि डी-५ चा घोडा वाचवता वाचवता राजा पार मध्यावर येतो.

मोहऱ्याला हात लावला की तेच खेळावं लागतं, म्हणून ती हात मांडीवर ठेवून बसली. मग घोडा ए-५ वर, पटाच्या काठाला नेला. घोडा काठाला नेऊ नका, असं मीच सांगतो. मध्यावरून तो आठ घरं धरतो, तिथून चारच. पण इथं तो उंटावर चालून गेला होता! उंटानं शह देऊन जागा बदलली, एक प्यादं गेलं, पण एच-६ नं पांढरा घोडा हुसकला, ई-४ नं पुन्हा हुसकला. प्याद्याच्या बदल्यात तिला वेळ मिळाला. हे पाठांतरानं सुचत नाही.

पोरं विचारतात, दिव्या देशमुख काय खेळते? नागपूरची ही मुलगी जुलै २०२५ मध्ये, १९ व्या वर्षी, बाटुमीत महिला विश्वचषक जिंकून भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. मी त्यांना कोनेरू हंपीविरुद्धचा निर्णायक जलद डाव दाखवतो. काळ्या मोहऱ्यांनी जिंकलेला, आणि निकाल लागला तो अगदी शेवटी, पटावर मोजकी मोहरी उरल्यावर.

सध्या आम्ही त्या मुलीच्या डावातली पांढरी बाजू मांडली आहे. उंटानं बी-५ वर शह द्यावा की आधी डी-३ खेळावं, यावर पोरांचं अजून जुळलेलं नाही.