चढ कीं उतार?

लेहपासून सुमारें ३० किलोमीटरांवर, श्रीनगरच्या रस्त्यावर, ‘चुंबकीय टेकडी’ आहे. गिअर सोडलेली मोटार तेथें आपोआप चढ चढते, असें आमचा नातू स्वतः पाहून सांगत होता. चुंबकाचा तेथें कांहींएक संबंध नाहीं. भोंवतालचे डोंगर खरें क्षितिज झांकतात, आणि मंद उतारच चढ भासतो.

त्यास हें पटेना. म्हणून कर्जतहून लोणावळ्यास येतांना बोरघाटांत मीं पाण्याची बाटली गाडीच्या दिशेनें आडवी धरली. येथें चढ ३७ फुटांस १ फूट!

“आजोबा, डबा तर सपाट आहे!”

बाटलींतला बुडबुडा मात्र लोणावळ्याच्या टोंकास जाऊन बसला. रज्जुसर्पाचा दृष्टान्त मीं जन्मभर शिकविला. पण तो सर्प अंधारांतला. येथें भर दुपारीं माझेहि डोळे डब्याच्याच बाजूचे होते!

पुढील खेपेस नातू लेहला बाटली नेणार आहे.