नागीण डान्सची पुंगी कुणी वाजवली?

वरात रंगात आली आहे. बँडवाले काका क्लॅरोनेट वर उचलतात आणि ती ओळखीची, वळणं घेत जाणारी धून सुरू करतात. मग काय होतं, सांगा बरं? कुणाचा तरी मामा खिशातून रुमाल काढतो, त्याचं एक टोक दातांत धरतो, दुसरं टोक हातांनी ताणतो आणि झाली पुंगी तयार! समोरचा दुसरा मामा डोक्यावर पंजे जोडून फणा काढतो. दोघं डुलत डुलत थेट रस्त्यावर बसतात.

बँडने ही धून गारुड्याकडून घेतली असेल, असं तुम्हाला वाटत असेल ना? नाही हं! ती आली सिनेमातून. आणि गंमत म्हणजे, सिनेमासाठी ती वाजवली गेली तेव्हाही पुंगी नव्हतीच!

गोष्ट 1954 सालची. 'नागिन' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात होते वैजयंतीमाला आणि प्रदीप कुमार. संगीत दिलं होतं हेमंत कुमार यांनी. पडद्यावर नायक पुंगी वाजवतो आणि त्या सुरांनी नायिका ओढली जाते. तो पुंगीचा आवाज काढला दोन तरुण वादकांनी. कल्याणजी वाजवत होते क्लॅव्हिओलिन आणि रवी वाजवत होते हार्मोनियम. पुढे दोघंही मोठे संगीतकार झाले. कल्याणजी-आनंदजी या जोडीबद्दल आईबाबांना विचारा, आजीला तर नक्कीच माहीत असेल.

आता हे क्लॅव्हिओलिन म्हणजे काय? पेटीसारख्या पट्ट्या असलेलं, पण विजेवर चालणारं छोटं वाद्य. फ्रान्समधल्या कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी ते 1947 मध्ये बनवलं. त्यात भाता नाही, तार नाही, पत्तीही नाही. आत काचेचे व्हॉल्व्ह. त्यांच्यामुळे वीज एका सेकंदात शेकडो वेळा खालीवर होते आणि स्पीकरचा पडदा तसाच थरथरतो. तोच आवाज! खटके फिरवले की आवाज बदलतो, कधी नाकातला, कधी गोड, कधी कापरा. आणि एका वेळी त्यातून एकच सूर निघतो.

एकच सूर? मग ते पुंगीला कसं पुरलं? त्यासाठी खरी पुंगी जवळून पाहू. वर भोपळा, त्याखाली मेणाने बसवलेल्या दोन नळ्या. एका नळीला भोकं असतात, तिच्यावर बोटं फिरतात आणि धून निघते. दुसरी नळी एकच सूर धरून ठेवते. दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी बोरूची बारीक पत्ती असते आणि ती भोपळ्याच्या आत लपलेली असते. गारुडी गालांत हवा साठवतो, ती फुंकताफुंकताच नाकाने नवा श्वास घेतो. म्हणून पुंगी मध्ये थांबतच नाही.

आता ताडून पाहा. न तुटणारा आवाज? विजेला दम लागत नाही. धरून ठेवायचा दुसरा सूर? सोबत हार्मोनियम आहे ना! नाकातला, कापरा सूर? खटका फिरवला की हजर. आपला कान एवढ्या खुणांवर 'पुंगी' म्हणून मोकळा होतो!

'नागिन'मधलं हे पुंगीचं गाणं तुफान गाजलं. लोक बँडवाल्यांकडे त्याचीच फर्माईश करणार, हे उघडच होतं. पण रस्त्यावर चालत चालत विजेचं वाद्य कसं वाजवणार? मग पुंगी झालं क्लॅरोनेट.

ही निवड अगदी बरोबर होती, कारण क्लॅरोनेट आणि पुंगी नात्यातलीच आहेत. क्लॅरोनेटच्या तोंडाशीही बोरूची एकच पत्ती असते. फुंकर मारली की ती थरथरते आणि नळीतली हवा थरथरू लागते. त्या नळीची एक खासियत आहे. समजा, तुम्ही सेकंदाला 200 कंपनांचा खालचा सूर वाजवलात. त्याच्यासोबत वरचे बारीक सूरही आपोआप वाजतात. पण क्लॅरोनेटच्या खालच्या सुरांत 3 पट आणि 5 पट, म्हणजे 600 आणि 1000 कंपनांचे सूर ठळक असतात. 2 पट आणि 4 पटवाले अगदी दबलेले. म्हणून तो आवाज थोडा पोकळ, गूढ लागतो.

शिवाय क्लॅरोनेटला एक गोष्ट जमते, जी पुंगीला जमत नाही. पुंगीची पत्ती भोपळ्यात असल्यामुळे वादकाचा ओठ तिला लागतच नाही. क्लॅरोनेटवाला मात्र पत्ती ओठात धरतो. ओठ जरा सैल केला, बोट भोकावरून हळूच सरकवलं, की एक सूर घसरत दुसऱ्यावर जातो. नागिणीचा तो झोकदार हेलकावा असा निघतो. ही करामत यायला वर्षानुवर्षं रियाझ लागतो. भर उन्हात, जड गणवेशात, चालता चालता ती करणारा वादक मला फार मोठा कलाकार वाटतो.

सिनेमाचं कुठलंही गाणं बँडकडे आलं की त्याची अशीच नव्याने मांडणी होते. बँडमास्तर गाणं पुन्हा पुन्हा ऐकतात, त्याचे सा-रे-ग-म उतरवून घेतात आणि सूर वाटून देतात. गायिकेची ओळ क्लॅरोनेटला किंवा ट्रम्पेटला. खालचे भरदार सूर युफोनियमला. ढोलकी-तबल्याचा ठेका ड्रम आणि ताशाला. स्टुडिओतली व्हायोलिनं रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकूच येणार नाहीत, पण पितळी ट्रम्पेट गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो. म्हणजे बँड नुसती नक्कल करत नाही. सिनेमा त्याला धून देतो आणि बँड तिला मोकळ्या हवेत जगायला शिकवतो.

हार्मोनियमवाले रवी आठवतात ना? 'नीलकमल' (1968) मधलं मुलीच्या पाठवणीचं आणि 'आदमी सडक का' (1977) मधलं मित्राच्या लग्नाचं गाणं त्यांचंच. दोन्ही गाणी बँडवाल्यांची हक्काची झाली! आणि आता तर बँडच्या गाडीवर कीबोर्ड आलाय. पुंगीचा आवाज पुन्हा विजेवर निघू लागलाय.

राहता राहिला खरा नाग. त्याला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात. जमिनीची कंपनं आणि खालच्या पट्टीतले काही आवाज त्याला कळतात. गारुड्यासमोर तो डुलतो, तो हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून, स्वतःला वाचवण्यासाठी. सुरांवर डुलणारा प्राणी एकच, आपण!

करून पाहा

कागदी किंवा प्लॅस्टिकची स्ट्रॉ घ्या. एक टोक दाबून चपटं करा आणि दोन्ही कडा तिरक्या कापून टोकदार करा. ते टोक ओठांत हलकेच धरून जोरात फुंका. आवाज येईपर्यंत ओठ थोडे पुढेमागे करा. टोकाच्या दोन पात्या थरथरतात, सनईत असतात तशा. आता फुंकत असतानाच दुसरं टोक कात्रीने थोडं थोडं कापत जा. नळी आखूड झाली की आतली हवा जास्त वेगाने थरथरते आणि सूर चढतो. मग दोन स्ट्रॉ बनवा, एक लांब, एक आखूड. लांब स्ट्रॉ मित्राला द्या, त्याने एकच सूर धरायचा. तुम्ही आखूड स्ट्रॉला दोन-तीन भोकं पाडून धून शोधा. सिनेमातली कुठलीही चालेल!