भ्रमणध्वनी आणि बोलींचे अध्यापन

वर्गात भ्रमणध्वनी असावा की नसावा, हा वाद आता बराच जुना झाला आहे. वादाच्या दोन्ही बाजू बहुधा एकच गोष्ट गृहीत धरतात. ती ही की, हे यंत्र अध्यापकाचे म्हणणे विद्यार्थ्यापर्यंत पोचवते किंवा त्यात व्यत्यय आणते. टिपणे व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली, यूट्यूबवरील एखादे व्याख्यान सुचविले, की तंत्रज्ञानाचा उपयोग केल्याचे समाधान मिळते. ही सोय होय. तिला अध्यापन म्हणणे कठीण आहे. विद्यार्थ्याचे मन गुंतावयाचे तर या यंत्रातून त्याचे स्वतःचे काही वर्गापुढे यावयास हवे. भाषाविज्ञानाच्या अध्यापकाला ही संधी विशेषच लाभते, कारण त्याच्या शास्त्राची सामग्री विद्यार्थ्याच्या मुखातच असते.

प्रथम लेखनाचे उदाहरण घेऊ. आपले विद्यार्थी परस्परांस पुष्कळदा रोमन लिपीत मराठी लिहितात. 'के, ए, एल, ए' ही चार अक्षरे फळ्यावर लिहावी आणि ती वाचावयास सांगावी. कोणी 'कला' वाचील, कोणी 'काळा', कोणी 'कळा', तर कोणास गोकुळाष्टमीचा 'काला' आठवेल. ऱ्हस्वदीर्घाचा आणि ल-ळ यांचा भेद हे लेखन पुसून टाकते. तरीही संदेश वाचताना अडचण पडत नाही, कारण अर्थाचा निर्णय संदर्भ करतो. स्वनिम आणि लिपिचिन्ह या दोहोंतील अंतर समजावण्यास याहून सोपा मार्ग माझ्या तरी पाहण्यात नाही.

परंतु हेच लेखन दुसरेही काही झाकते. रायगडाकडील आगरी बोलणारा विद्यार्थी काळ्या रंगालाच 'काला' म्हणतो, वऱ्हाडातील 'काया' म्हणतो. 'पाणी'चे 'पानी' तर अनेक प्रदेशांत होते. शाळेत ज्याचा 'पानी' वारंवार सुधारण्यात आला आहे तो महाविद्यालयाच्या वर्गात तोंडच उघडीत नाही. त्याच्या या मौनास आपण अनेकदा अनास्था समजतो. अशा वेळी भ्रमणध्वनीवरील ध्वनिमुद्रण उपयोगी पडते. दहा-पंधरा शब्दांची यादी द्यावी, तीत न-ण आणि ल-ळ यांच्या जोड्या असाव्यात, आणि प्रत्येकाने ते शब्द घरच्या बोलीत उच्चारून मुद्रित करावेत. नंतर ही मुद्रणे संगणकावर 'प्राट' या प्रणालीत उघडावीत. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी ती तयार केली असून ती विनामूल्य मिळते. मुखविवराच्या अनुनादामुळे ज्या कंप्रतांना बळ मिळते त्यांचे पट्टे, म्हणजेच फॉर्मंट, तीत दिसतात. मूर्धन्य णकारापूर्वीच्या स्वरात तिसरा पट्टा खाली झुकतो. 'पानी'त तसा झुकत नाही. ज्यास चूक म्हणून हिणविले गेले ते सर्व शब्दांत नियमाने घडते, हे विद्यार्थी स्वतः मोजून पाहतो. मग बोलावयास त्याला आग्रह करावा लागत नाही. उलट आजीचे शब्द मुद्रित करून आणू का, असे तोच विचारतो.

एक तांत्रिक सूचना येथे आवश्यक आहे. व्हॉट्सॲपचे ध्वनिसंदेश आकुंचित होऊन जातात व त्यांतील उच्च कंप्रतांचा भाग गळतो. न-ण यांस त्याची फारशी बाधा येत नाही. परंतु 'चार' आणि 'चारा' यांतील चकार भिन्न आहेत, पहिला तालव्य व दुसरा दंत्य. लिपीत त्यांना वेगळी चिन्हे नाहीत आणि त्यांचा भेद मुख्यतः उच्च कंप्रतांच्या घर्षणातच असतो. यास्तव अशा शब्दांचे मुद्रण भ्रमणध्वनीतील मुद्रकावर 'वेव्ह' स्वरूपात करून मूळ धारिका जशीच्या तशी मागवावी.

ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली निघाला. त्यातील बोलींचे नमुने विद्यार्थ्याला केवळ वाचता येतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने अलीकडे केलेल्या बोलीसर्वेक्षणाची मुद्रणे मात्र जालावर ऐकावयास मिळतात. वर्गातील 'काया' त्यांच्याशी ताडून पाहण्यात एक तास सहज जातो, व तो वाया जात नाही.

मुद्रणे गटावर मात्र टाकू देऊ नयेत. गटावर प्रत्येकाचा क्रमांक सर्वांस दिसतो, विद्यार्थिनींस ते पुष्कळदा नको असते. शिवाय एखाद्याच्या उच्चाराची चेष्टा म्हणून ते मुद्रण क्षणात महाविद्यालयभर फिरू शकते, आणि मग तो विद्यार्थी पुन्हा बोलेल ही आशा सोडावी. मुद्रणे थेट अध्यापकाकडे यावीत, त्यांवर नावाऐवजी गाव व तालुका असावा, आणि ती ऐकविण्यापूर्वी संबंधिताची संमती घ्यावी. सर्वांजवळ चांगला भ्रमणध्वनी नसतो. पण तिघांत एक पुरतो. एकाने विचारावे, दुसऱ्याने बोलावे आणि तिसऱ्याने टिपून घ्यावे.