मागच्या आसाचे तेल

मालाच्या गाडीच्या मागच्या आसाला मधोमध लोखंडी गोळा असतो. त्यात दातेरी चाके असतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर तोडते. तो हिशेब ही दातेरी चाके जमवतात. ती तेलात फिरतात. तेल गळून गेले की दाते झिजतात, आणि गाडी भाजीसकट घाटात उभी राहते.

काही गाड्यांत या गोळ्याला मागून बोल्टांचे झाकण असते. आधी गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे तेल पातळ होईल. सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावा. मग तेल भरायचे वरचे बूच सैल करून पाहा. हे पहिले, बरं का! जुने तेल सांडले आणि बूच निघेना, तर नवे भरणार कुठून?

खाली घमेले ठेवा. वरचे दोन बोल्ट नुसते ढिले करा, बाकीचे काढा, आणि झाकण खालून उचका. तेल दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. बारीक चकाकी चालेल. दात्याचा तुकडा निघाला तर मिस्त्रीला गाठा.

झाकणाची आणि गोळ्याची कड खरवडून अगदी कोरडी करा. तेलकट कडेवर सिलिकॉन धरत नाही. त्याची अखंड बारीक वळी भोकांच्या आतल्या बाजूने काढा. बोल्ट समोरासमोरचे आवळा. सुकायला किती वेळ ते नळीवर छापलेले असते. आता वाचता येते, तेव्हा कुणाला विचारायला नको. मग गाडीच्या पुस्तकात सांगितलेले तेल, पुष्कळ गाड्यांना 90 नंबरचे, भोकाच्या कडेपर्यंत भरा. दुसऱ्या दिवशी झाकणाखाली बोट फिरवून पाहा.